किल्ल्यावरची चिखलशर्यत

बेल्जियममधल्या नामूर शहरात सांब्र आणि म्यूज या दोन नद्यांचा संगम आहे. संगमाच्या टोकावर, पाण्यापासून सुमारे 100 मीटर उंचीवर, एक अवाढव्य किल्ला पसरलेला आहे. डिसेंबरात, नाताळाच्या थोडं आधी, या किल्ल्याच्या उतारांवर सायकलींची एक शर्यत होते. सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत डांबरी रस्ता येतो. इथे डांबर नावापुरतं असतं. ओल्या गवताचे उतार, जमिनीवर आलेली झाडांची मुळं, घोटाभर चिखल, आणि मध्येच असा चढ की सायकल खांद्यावर टाकून पळतच वर जावं लागतं. या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. नामूरची शर्यत 2009 मध्ये सुरू झाली, 2011 मध्ये ती विश्वचषक मालिकेत आली आणि या खेळातल्या सगळ्यांत अवघड शर्यतींमध्ये तिची गणना होते.

मराठी वाचकाला या शर्यतीबद्दल सांगावंसं वाटतं त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे ती किल्ल्यावर होते आणि किल्ला हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. सायकलशर्यतींच्या सगळ्या प्रकारांत आपल्या गावांना आणि शहरांना सहज पेलवेल असा हा प्रकार आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे जवळपास कुणाला ठाऊक नाही.

वेढ्यांचं शहर

नामूर आज बेल्जियमच्या वालोनिया या फ्रेंच भाषक प्रांताची राजधानी आहे. दोन नद्यांवर एकाच जागेवरून नजर ठेवता येते म्हणून युरोपातल्या प्रत्येक सत्तेला हा किल्ला हवासा वाटे. 1692 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः सैन्य घेऊन इथे आला. वेढ्याची आखणी त्याचा प्रसिद्ध स्थापत्यविशारद वोबाँ याने केली. किल्ल्याच्या बचावासाठी डच अभियंता कूहोर्न आत होता. त्याने एक स्वतंत्र बुरुजबंद कोट बांधला होता आणि स्वतःच तो लढवत होता. वोबाँने तो कोट घेतला, किल्ला पडला. तीनच वर्षांनी, 1695 मध्ये, इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याने नामूरला उलटा वेढा घातला. या वेळी कूहोर्न वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला होता आणि फ्रेंच सेनापती बुफ्ले आत होता. किल्ला पुन्हा पडला.

याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं हे आठवलं तर काळाचा अंदाज येतो. राजाराम महाराज तेव्हा दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात होते आणि औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान त्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. तो वेढा 1690 पासून 1698 पर्यंत रेंगाळला. नामूरचे दोन्ही वेढे जिंजीच्या एका वेढ्याच्या काळात होऊन गेले.

1815 नंतर डचांनी नामूरचा किल्ला पुन्हा बांधून काढला. आज दिसतं ते बरंचसं काम त्या काळातलं आहे. डोंगराच्या पोटात भुयारांचं सुमारे सात किलोमीटरचं जाळं आहे. त्यामुळे या किल्ल्याला युरोपातलं वाळवीचं वारूळ म्हटलं जातं आणि ते वचन नेपोलियनच्या नावावर सांगितलं जातं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्कराने किल्ला सोडला आणि तो शहराच्या ताब्यात आला. लोक फिरायला येऊ लागले, भुयारं पाहू लागले.

चाकांची या किल्ल्याशी ओळख मात्र त्याआधीच झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, इथे मोटोक्रॉसच्या, म्हणजे ओबडधोबड जमिनीवर धावणाऱ्या मोटारसायकलींच्या, शर्यती होत. त्या खेळात नामूरला मोठा मान होता. 2007 नंतर त्या थांबल्या. दोन वर्षांनी त्याच डोंगरावर सायकली आल्या. धूर नाही, कानठळ्या नाहीत, आणि प्रेक्षक पुन्हा हजर.

एक तासाचा खेळ

सायक्लोक्रॉसचे नियम सोपे आहेत. अडीच ते साडेतीन किलोमीटरची एक बंदिस्त फेरी आखायची. वाट कुठेही तीन मीटरपेक्षा अरुंद नसावी. पुरुषांची शर्यत सुमारे एक तास, महिलांची पन्नास मिनिटं, मुलामुलींची त्याहून कमी. सुरुवातीच्या फेऱ्यांना किती वेळ लागतो ते पाहून पंच एकूण फेऱ्या ठरवतात. किती किलोमीटर धावायचं हे आधी सांगता येत नाही, कारण ते जमीन ठरवते. कोरड्या दिवशी त्याच वेळेत दोन फेऱ्या जास्त होतात.

वाटेचा बहुतेक भाग सायकलवर बसून जाता येईल असाच असावा लागतो. पण मधे मुद्दाम अडथळे ठेवतात. सगळ्यांत ठरलेला अडथळा म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन फळ्या, प्रत्येकी 40 सेंटीमीटर उंच. सायकलपटू वेगात येतो, फळ्यांच्या काही मीटर आधी उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणतो आणि सायकल चालू असतानाच जमिनीवर उतरून पळू लागतो. सायकल उचलून फळ्या ओलांडतो, पुढच्या दोन-तीन पावलांत ती खाली टेकवतो आणि उडी मारून पुन्हा खोगिरावर बसतो. हे सगळं तीन-चार सेकंदांत होतं. काही जण उतरतच नाहीत. सायकलसकट फळीवरून उडी मारतात. पाच-सहा सेंटीमीटरचा अंदाज चुकला की तोंडावर आपटतात.

लांब चढ असला किंवा जिने असले की सायकल खांद्यावर जाते. तिचीही ठरलेली पद्धत आहे. आडव्या दांड्याखालून उजवा खांदा घालायचा, उजवा हात खालच्या दांड्याखालून पुढे नेऊन हँडल धरायचं, म्हणजे सायकल अंगाशी घट्ट बसते आणि डावा हात पळताना मोकळा राहतो. यासाठी ब्रेक आणि गिअरच्या तारा दांड्याच्या खालून न नेता वरून नेण्याची रीत फार वर्षं होती. खांद्याला टोचू नये आणि तारांत चिखल जाऊ नये, हे दोन्ही साधत असे.

सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलसारखीच असते, हँडल तसंच खाली वळलेलं. फरक चाकांत आहे. टायर जाड आणि खाचांचे, पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाहीत. चाक आणि फ्रेम यांत चिखल अडकू नये म्हणून फट मोठी ठेवलेली असते. खरी कला टायरमधल्या हवेची. रस्त्यावर शर्यत करणारा आपल्या टायरमध्ये 70-80 पीएसआय हवा भरतो. चिखलात उतरणारा 20 च्या आसपास ठेवतो, म्हणजे मोटारीच्या टायरपेक्षाही कमी. टायर मऊ असला की जमिनीला जास्त टेकतो, मुळांवर आणि दगडांवर आपला आकार बदलतो आणि पकड देतो. हवा फार कमी झाली तर चाकाची धाव थेट दगडावर आदळते. शर्यतीच्या सकाळी सरावाच्या फेऱ्या मारताना जाणकार सायकलपटू अंगठ्याने टायर दाबत, जराशी हवा सोडत, पुन्हा एक फेरी मारत असतात. निकालाचा मोठा भाग तिथे ठरतो.

फेरीत सायकल बदलण्याची जागा असते. दुसरी, कधी तिसरी सायकल घेऊन मदतनीस तिथे उभे असतात. चिखलाच्या दिवशी सायकलपटू अर्ध्या फेरीलाच सायकल बदलतो. मळलेली सायकल हातात येताच मदतनीस तिच्यावर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारतात, चेनला तेल देतात, आणि पुढच्या फेरीला ती तयार ठेवतात. आठ किलोची सायकल चिखलाने कितीतरी जड होते, गिअर अडतात, म्हणून ही धावपळ. या जागेबाहेर सायकल बदलायला मनाई आहे. पंक्चर जिथे झालं तिथून सायकल घेऊन इथवर यावं लागतं, वेळ पडली तर पळत.

नामूरची फेरी

आता हे सगळं नामूरच्या डोंगरावर ठेवून पाहा. इथल्या फेरीत सपाट जागा जवळपास नाही. एक तर चढायचं, नाही तर उतरायचं, नाही तर आडव्या उतारावरून जायचं. यातला आडवा उतार हेच नामूरचं वैशिष्ट्य. वाट डोंगराच्या कडेने जाते आणि जमीन एका बाजूला कलती असते. चाक पुढे जायला बघतं, वजन खाली ओढतं. कोरड्या जमिनीवर हे निभतं. ओल्या मातीवर मागचं चाक हळूहळू खाली सरकत जातं आणि सायकल तिरपी होते.

अशा वेळी काय करतात ते जवळून पाहण्यासारखं असतं. सायकलपटू दरीकडचं पेडल खाली ठेवतो आणि सगळं वजन त्या पायावर टाकतो, म्हणजे टायर जमिनीत रुततो. डोंगराकडचा पाय पेडलवरून सोडवून तो बाजूला लोंबता ठेवतो. गरज पडली तर त्याच पायाने जमिनीला टेकण देतो. ब्रेकला हात लावायचा नाही, कारण चाक थांबलं की घसरलंच. नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, वाट जिथे संपते तिथे ठेवायची. पहिल्या फेऱ्यांमध्ये जो वरच्या अंगाने गेला त्याला बरी जमीन मिळते. पंधरा-वीस मिनिटांत शेकडो चाकं त्याच रेघेवरून गेलेली असतात, रेघेचा चर होतो, चराचा चिखल होतो, आणि मग वर जायचं की खाली, की सरळ उतरून पळायचं, हा निर्णय प्रत्येक फेरीत नव्याने घ्यावा लागतो. म्हणून या खेळात नुसत्या पायांतल्या ताकदीवर भागत नाही. जमीन वाचता यावी लागते.

डिसेंबर 2020 ची नामूरची शर्यत जाणकार अजून आठवतात. करोनामुळे तेव्हा प्रेक्षकांना बंदी होती. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल, बेल्जियमचा वाउट व्हॅन आर्ट आणि ब्रिटनचा टॉम पिडकॉक असे तिघेही त्या डोंगरावर एकमेकांना भिडले होते आणि शेवटी याच क्रमाने ते पोचले. तिघांनीही या खेळाचं विश्वविजेतेपद मिळवलेलं आहे, आणि तिघेही इतर प्रकारच्या सायकलिंगमध्ये जगातल्या पहिल्या रांगेत आहेत. हा योगायोग नाही, त्याकडे पुढे येतो.

शेतातून निघालेला खेळ

खेळाचा जन्म फ्रान्सचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या शर्यती उन्हाळ्यात होत आणि हिवाळ्यात सायकलपटू रिकामे बसत. अंग गरम राहावं, सराव सुटू नये म्हणून ते एका गावच्या चर्चच्या कळसापासून दुसऱ्या गावच्या कळसापर्यंत शर्यत लावत. वाट कुठलीही घ्या. शेतातून जा, कुंपणावरून उडी मारा, ओढा ओलांडा. दानिएल गुसो नावाच्या माणसाने पुढाकार घेतला आणि 1902 मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1910 मध्ये टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझ याने आपल्या यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या या सरावाला दिलं, तेव्हा फ्रान्सबाहेरही लोकांचं लक्ष तिकडे गेलं. 1950 मध्ये पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणारा जाँ रोबिक हा 1947 चा टूर द फ्रान्स विजेता होता.

पण खेळ रुजला तो बेल्जियममध्ये, विशेषतः उत्तरेकडच्या फ्लँडर्समध्ये. सप्टेंबर ते फेब्रुवारी या हंगामात तिथे दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात शर्यत असते. आपल्याकडे जत्रांच्या हंगामात पैलवान जसे एका गावच्या फडावरून दुसऱ्या गावच्या फडावर जातात, बिदागी घेतात, कुस्ती करतात आणि गाव त्यांना नावानिशी ओळखतं, तसंच तिथे सायकलपटूंचं आहे. आयोजक नामवंतांना येण्याबद्दल मानधन देतात. प्रेक्षक तिकीट काढून येतात, तंबूत बटाट्याचे तळलेले काप खातात आणि दोरीला टेकून उभे राहतात. रस्त्यावरच्या शर्यतीत तासभर वाट पाहावी तेव्हा सायकलींचा घोळका एकदा सर्रकन निघून जातो. इथे तोच सायकलपटू दर सहा-आठ मिनिटांनी समोरून जातो, हाताच्या अंतरावरून, चेहऱ्यावरचा चिखल दिसेल इतक्या जवळून.

बेल्जियमच्या एरिक डी व्लामिंकने 1966 ते 1973 या काळात सात वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. ती बरोबरी होण्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. 2025 मध्ये फ्रान्समधल्या लिएव्हाँ इथे व्हॅन डर पूलने आपलं सातवं विजेतेपद घेतलं. त्याचे वडील आद्री हेही 1996 चे जगज्जेते, आणि आईचे वडील रेमाँ पुलिदोर हे फ्रान्सचे लाडके सायकलपटू. महिलांची जागतिक स्पर्धा मात्र फार उशिरा, 2000 मध्ये सुरू झाली, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलींची तर 2020 मध्ये. उशिरा दार उघडलं तरी नेदरलँड्सच्या मारियान व्हॉसने आठ विजेतेपदं मिळवून दाखवली.

इतिहास असलेल्या शहरांशी या खेळाचं नातं नामूरपुरतं नाही. चेकियातलं ताबोर हे शहर 1420 मध्ये हुस्साइट पंथाच्या बंडखोरांनी वसवलं. त्यांचा एकाक्ष सेनापती यान झिझ्का शेतकऱ्यांच्या गाड्या एकमेकींना जोडून त्यांचा कोट करायचा आणि त्याआडून चिलखती घोडेस्वारांना हरवायचा. शत्रूचा गोंधळ उडावा अशा अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या त्या शहरात आजही आहेत. तिथे 2001, 2010, 2015 आणि 2024 अशा चार वेळा जागतिक स्पर्धा झाल्या. 2010 मध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर चेक सायकलपटू झ्देन्येक श्तिबार जिंकला. 2015 मध्ये तिथेच वीस वर्षांचा व्हॅन डर पूल पहिल्यांदा जगज्जेता झाला, आणि महिलांमध्ये फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली. याच फेराँ-प्रेव्होने पुढे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंगचं सुवर्ण मिळवलं आणि 2025 मध्ये महिलांची टूर द फ्रान्स जिंकली.

वर ज्याकडे येतो म्हटलं ते हेच. ज्या मुलामुलींनी लहानपणी चिखलात सायकल सांभाळली, त्यांना पुढे घाटाचा उतार, पावसातला रस्ता, दगडगोट्यांची वाट यांची भीती राहत नाही. पिडकॉककडे माउंटन बाइकिंगची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत. व्हॉसने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीत सुवर्ण घेतलं. व्हॅन डर पूल 2023, 2024 आणि 2025 असा सलग तीन वर्षं पॅरिस-रुबे ही फरशीबंद रस्त्यांवरची शर्यत जिंकला. सायक्लोक्रॉस ही या सगळ्यांची प्राथमिक शाळा आहे.

आपल्याकडे

महाराष्ट्राला सायकलशर्यतीचं वेड नवं नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि तीत खंडाळ्याचा घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आपल्या कितीतरी पिढ्यांना ठाऊक आहे. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. जानेवारी 2026 मध्ये पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची, टप्प्याटप्प्याची शर्यत झाली आणि परदेशी संघ शहराच्या आणि जिल्ह्याच्या रस्त्यांवर धावले. याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे.

पण रस्त्यावरची शर्यत म्हणजे शेकडो किलोमीटर रस्ता नीट करणं, वाहतूक बंद ठेवणं, हजारो पोलीस आणि स्वयंसेवक उभे करणं. ते राज्य सरकारला आणि मोठ्या उद्योगालाच जमतं, आणि तेही वर्षातून एकदा. तालुक्याच्या गावातल्या तेरा वर्षांच्या मुलीला सायकल शर्यतीत उतरायचं असेल तर तिने कुठे जावं? ज्या महामार्गावर ट्रक भरधाव जातात तिथे पहाटे सराव करायला कोणते आईवडील पाठवतील? आपल्याकडे सायकलपटू कमी का घडतात, याच्या उत्तराचा मोठा भाग या एका प्रश्नात आहे.

सायक्लोक्रॉस या प्रश्नाला थेट उत्तर देतो. रस्ता लागत नाही. कॉलेजचं मैदान, ऊस तुटलेलं शेत, तालुक्याचं क्रीडासंकुल, टेकडीचा उतार, यांतलं काहीही चालतं. वाहन एकही जवळ येत नाही. वेग कमी असतो आणि पडलं तर बहुतेकदा मातीत पडतात. हेल्मेट मात्र हवंच, कारण डोकं इथेही आपटू शकतं. खास सायकल सुरुवातीला लागत नाही; परदेशातल्या स्थानिक शर्यतींत मुलं घरची माउंटन बाइक घेऊन उतरतात. प्रेक्षकांना एका जागी उभं राहून सगळं दिसतं, त्यामुळे गावकरी रमतात, आणि गावकरी रमले की पुढच्या वर्षीची शर्यत आपोआप ठरते.

मातीही आड येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की चाकाला असा लपका धरते की चाक फिरेनासं होतं. कोकणातल्या तांबड्या मातीवर चाक निसटतं. वाळूत ते रुततं. प्रत्येक मातीची वेगळी शाळा आहे. बेल्जियमच्या कोक्साइड या समुद्रकाठच्या गावात तर वाळूच्या टेकड्यांवरच ही शर्यत गाजली. ज्या प्रदेशात माणसं पावसाळाभर गुडघाभर चिखलात भात लावतात आणि गोव्यातल्या माशेलला आषाढात चिखलकाला खेळतात, तिथे चिखलाचं कौतुक कुणाला शिकवायला नको.

मी हे लिहितो आहे ते लखनौच्या विकास नगरमधून. लखनौलाही वेढ्यांचा इतिहास आहे; 1857 मध्ये इंग्रजांच्या रेसिडेन्सीला पडलेला वेढा जगभर गाजला. शहर सपाट आहे, डोंगर नावालाही नाही. तरीही सायक्लोक्रॉसच्या हंगामाला इथला हिवाळा अगदी जुळतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, आणि गोमतीच्या काठाची भुसभुशीत जमीन. उंची नसेल तर नेदरलँड्ससारखे सपाट देश मातीचे उंचवटे आणि लाकडी पूल उभारून फेरी अवघड करतात. आमच्या कॉलनीतल्या मैदानावरही संध्याकाळी मुलं सायकली घेऊन मातीच्या ढिगाऱ्यावरून उड्या मारत असतात. त्यांना फक्त एक दोरी, एक शिट्टी आणि कुणीतरी वेळ मोजणारं हवं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नामूरची शर्यत किल्ल्यावर होते म्हणून आपणही रायगडावर किंवा राजगडावर सायकली न्याव्यात, असं अजिबात नाही. नामूरचा डोंगर हे शहरातलं विस्तीर्ण उद्यान आहे, शर्यत मुख्यतः मातीच्या उतारांवरून आणि झाडीतून जाते आणि जिथे ती होते तिथे आधी साठ वर्षं मोटारसायकली धावल्या आहेत. आपल्या गडांच्या पायवाटा आणि पायऱ्या आधीच पर्यटकांच्या गर्दीने झिजत आहेत. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जिंजीसह बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे जबाबदारी वाढली आहे. रेसिडेन्सीची हिरवळही शर्यतीची जागा नाही. शर्यत गडाच्या पायथ्याच्या गावात, गायरानावर किंवा शाळेच्या मैदानावर व्हावी. गड समोर दिसत राहील, आणि शर्यतीला आलेली माणसं दुसऱ्या दिवशी पायी गड चढतील. नामूरने किल्ल्याकडे माणसं पुन्हा आणली, घेण्यासारखं आहे ते एवढंच.

पहिली शर्यत कशी घ्यावी

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. दीड-दोन किलोमीटरची फेरी पुरेल. बांबू रोवून दोन्ही बाजूंनी दोरी बांधा आणि वाट तीन मीटर रुंद ठेवा. सुरुवातीचा पट्टा सरळ, लांब आणि जास्त रुंद असू द्या, नाही तर पहिल्याच वळणावर सगळे एकमेकांवर आदळतात. मधे दोन फळ्या टाका. लहान मुलांसाठी त्या वीतभर उंचीच्याच असाव्यात. एक छोटा चढ असा ठेवा की उतरून पळावंच लागेल. काचा, तारा, खिळे आदल्या दिवशी वेचून काढा. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना पंधरा मिनिटं, मोठ्यांना अर्धा तास पुरे. मुलींची शर्यत वेगळी आणि दिवसाच्या चांगल्या वेळेला ठेवा, शेवटी उरलेल्या वेळात नको. प्रथमोपचाराची पेटी, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊ शकणारा जवळचा दवाखाना आणि धुण्यासाठी भरपूर पाणी यांची सोय आधी करा. शर्यत संपल्यावर दोऱ्या, बांबू, कचरा उचला आणि मैदान सारखं करून द्या, म्हणजे पुढच्या वर्षी परवानगी मागताना मान वर राहील.

शाळांचे क्रीडाशिक्षक, सायकल क्लब आणि गणेश मंडळं यांच्यापैकी कुणीही हे एका रविवारी करू शकतं. खर्च एका क्रिकेट स्पर्धेपेक्षा जास्त येणार नाही. राज्य सायकलिंग संघटनेने हिवाळ्यात जिल्हावार चार-पाच रविवार ठरवून दिले तर दोन वर्षांत हंगाम उभा राहील. नामूरची शर्यत 2009 मध्ये सुरू झाली आणि दोनच वर्षांत विश्वचषकात पोचली. आपल्याला इतक्या लवकर तिथे पोचायची घाई नाही, पण पहिली दोरी बांधायला आणखी वाट पाहण्याचंही कारण नाही. येत्या हिवाळ्यात आपल्या गावातलं एक मैदान निवडा आणि मुलांना सायकली घेऊन बोलवा.